कोरडी चटणी

अहो,

भाकरी टोपलीत झाकून ठेवल्यात. कालवण केलेलं नाही. शेंगदाण्याची चटणी बरणीत आहे, कालचीच.

काल नरसिंहम साहेब आणि त्यांच्या बाई घरून इडल्या घेऊन आपल्याकडं यायचे होते. "शेंगदाण्याची चटणी कर, चांगली झणझणीत," एवढंच तुम्ही सांगितलंत. आपल्या देवळालीत चटणी म्हटली की कोरडीच, लसूण-मिरची घालून कुटलेली. इडलीला ती पातळ करतात, वरून फोडणी देतात, हे तुम्हाला ठाऊक होतं तर तेव्हाच सांगायचं. साहेबांसमोर बशी बाजूला सारून "आमची ही अडाणी आहे" म्हणालात. मी दाराआड उभी होते.

भोंगा झाला तसे तुम्ही दोघं कारखान्यावर गेलात. मग आम्ही बायका चुलीपाशी खायला बसलो. साहेबांच्या बाईंना मराठी येत नाही. त्यांनी चटणीत बोटानं खळगा केला आणि तेलाच्या बुधलीकडं हात दाखवला. त्यात तेल घालून चार इडल्या खाल्ल्या. त्यांच्या घरी इडलीबरोबर अशीच कोरडी चटणी खातात, हे मला नुसत्या खुणांनी कळलं. तुम्ही चार वर्षं साहेबांच्या हाताखाली आहात, तुम्हाला कळलं नाही.

आज बाईंनी मला चटणी कुटायला बोलावलंय. खलबत्ता घेऊन मी तिकडंच गेलेय. यायला उशीर होईल.

तुम्हाला पातळ चटणी हवी असेल तर माठात पाणी आहे. बरणीत ओतून घ्या.