राउटर मशीन माझं, पाने गुलाम रसूलचे

लिहून ठेवणार मी, इंद्रभान पुंजाजी अंभोरे, वय वर्षे सदुसष्ट, धंदा सुतारकाम, राहणार उंद्री, तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा.

आज माझी अक्कल ठिकाणावर आहे, हात स्थिर आहे, आणि हा कागद मी कुणाच्या धाकाने, भिडेने किंवा नशेत लिहीत नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या अकलेबद्दल पत्नी सोजराबाई हिचं मत वेगळं आहे, पण तिचा दाखला कायद्याने लागत नाही, हे वकिलांना दोनदा विचारून घेतलं आहे. येत्या तेवीस तारखेला छत्रपती संभाजीनगरला माझ्या छातीचं ऑपरेशन आहे. तीन नळ्या तुंबल्या आहेत. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही कारण नाही. चौकट तिरकी बसली की मीही गिऱ्हाइकाला हेच सांगत असे, म्हणून हा कागद करून ठेवतो. याआधी मी दुसरं कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. राहतं घर, पुढच्या ओट्यासह आणि मागच्या न्हाणीघरासह, सोजराबाईच्या नावे व्हावं. तिच्या हयातीत ते कुणी विकू नये, गहाण टाकू नये, आणि "आई, तुला एकटीला एवढं घर कशाला" हे वाक्य कुणी उच्चारू नये. स्वयंपाकघराचं दार लग्नापासून खाली घासतं. "सुताराच्याच घरचं दार काऊन घासते हो?" असं ती दर पावसाळ्यात विचारते. यंदाही रंधा मारायचा राहिला. माझ्यामागे तिने दुसऱ्या सुताराला बोलवावं, माझी हरकत नाही. बँकेत जे काही असेल तेही तिचंच. ते किती आहे हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

कलम २. चिखली रस्त्यावरचा मोकळा प्लॉट मुलगा राम याला. राम खामगावला तयार फर्निचरच्या दुकानात नोकरीला आहे. भुसा दाबून केलेल्या पाट्या तो सागवानी म्हणून विकतो आणि गिऱ्हाईक त्याला साहेब म्हणतं. मला आयुष्यात कुणी साहेब म्हटलं नाही, तेव्हा त्याचंच बरोबर असेल. लग्नात त्याने माझ्या हातचा पलंग नको म्हटलं आणि दुकानातला आणला. पहिल्याच दिवाळीत त्या पलंगाचा पाय मोडला. सूनबाई प्रतीक्षाचा मला फोन आला, "बाबा, पाय बसवून द्या, पण यांना सांगू नका." मी बसवून दिला, सांगितलं नाही, आज सांगत आहे. माझं सागवानी कपाट प्रतीक्षाला द्यावं. त्या घरात लाकडाची पारख तिला एकटीलाच आहे.

कलम ३. माझा मेहुणा रवी याने दोन दिवसांसाठी म्हणून लाकूड आवळून धरायचे चार शिकंजे नेले, त्याला आता अठरा वर्षं झाली. ते त्यालाच दिले असं समजावं, म्हणजे निदान तेराव्याला तरी तो तोंड दाखवील.

कलम ४. घराला लागून असलेलं माझं अर्धं वर्कशॉप. "अर्धं" हा शब्द मुद्दाम लिहिला आहे. इथे आधी एकच मोठं वर्कशॉप होतं आणि त्यावर "इंद्रभान रसूल फर्निचर" अशी पाटी होती. गुलाम रसूल शेख मदार हे माझे बावीस वर्षांचे भागीदार. आमचं काम ठरलेलं होतं. राउटर मशीनचा बिट तो बसवणार आणि मशीन मी चालवणार. राउटर म्हणजे दोन्ही हातांनी धरून लाकडाच्या काठाला गोलाई काढायचं, खाच पाडायचं मशीन. खाली त्याच्या तोंडात पोलादी पातं असतं, तो बिट. मिनिटाला वीस हजार फेरे घेतो. तो बसवायचं काम ज्याच्या हातावर सगळ्यात जास्त विश्वास असतो त्याला देतात.

दोन हजार तेरा साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, चालत्या मशीनमधून बिट सुटला आणि माझ्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर घेऊन गेला. तो गुलाम रसूलने ढिला ठेवला होता, हे सगळ्या उंद्रीला माहीत आहे. उंद्रीला ते कुणी सांगितलं, हे कलम ६ मध्ये येईल.

महिन्याभरात भागीदारी मोडली. मधून पत्रा उभा राहिला. पाटीही कापली, आणि "फर्निचर" हा शब्द त्याच्या तुकड्यात गेला. माझ्या दारावर नुसतं "इंद्रभान" राहिलं. बाहेरगावचा माणूस अजून विचारतो, इथे इंद्रभान करतात काय? अवजारांची वाटणी तेव्हाचे पोस्टमास्तर कारभारी गाडेकर यांच्यासमोर झाली. आळीपाळीने एकेक वस्तू उचलायची असं ठरलं. पहिली पाळी माझी आली, मी राउटर उचललं. मग त्याची पाळी. समोर पट्ट्याची करवत होती, ड्रिल होतं, लोखंडी शिकंजा होता. ते सगळं सोडून या माणसाने राउटरचे दोन पाने उचलले! एका पान्याने दांडा धरायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा, त्याशिवाय बिट निघत नाही की बसत नाही. जमलेले लोक खो खो हसले. मला हसू आलं नाही. माझं बोट गेलं ते गेलं, वर मशीनही लंगडं केलं, इतका खुनशी माणूस मी बावीस वर्षं ओळखला कसा नाही, असं मला वाटलं.

तेव्हापासून आजपर्यंत रिवाज असा आहे. बिट बदलायचा झाला की सोजराबाई पत्र्याला पाडलेल्या खिडकीतून मशीन पलीकडे देते. तिकडून गुलाम रसूलची बायको गौसियाभाभी घेते. गुलाम रसूल बिट बसवतो आणि मशीन त्याच वाटेने परत येतं. कधी त्याच्यासोबत शीरखुर्म्याचा डबा येतो, कधी इकडून पुरणपोळी जाते. दोघी बाया तिथे तासभर बोलतात. आम्ही दोघे चार फुटांवर बसून एकमेकांशी एक शब्द बोलत नाही.

"वहिनी, त्याले म्हणा, बिट बोथट झाला. आजूक दाबून चालवला तर लाकूड जळीन," तो पलीकडून सोजराबाईला म्हणतो.

"सांग त्याले, मले कळते," मी तिला म्हणतो.

"त्याले म्हणा, कळते तं मंग धार काऊन नाही लावली?"

असं अकरा वर्षं चाललं आहे. तसे पाने काय, चिखलीत कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. पण मी विकत आणले असते तर तो जिंकला असता. मी आणले नाहीत आणि दर चार दिवसांनी मशीन त्याच्या दारी पाठवलं. याला मी माझी जीत समजत आलो.

हे अर्धं वर्कशॉप सोजराबाईने भाड्याने द्यावं. पत्रा काढायचा की ठेवायचा, ते दोघी बायांनी ठरवावं. खिडकी बुजवू नये.

कलम ५. राउटर मशीन गुलाम रसूल यांना द्यावं. त्यांना मशीन शिकवायला मी कोण? पण कागद आधी रामच्या हाती पडणार, आणि पत्र्यापलीकडे पोचेपर्यंत तो मशीनशी चाळा केल्याशिवाय राहणार नाही, म्हणून लिहून ठेवतो. बाबा रे, बिटाला हात लावण्याआधी पिन भिंतीतून उपसावी. बटण बंद म्हणजे मशीन बंद, असं मानणारे दोघे मला दवाखान्यात शेजारच्या खाटांवर भेटले होते. फळीच्या बाहेरच्या काठाने मशीन डावीकडून उजवीकडे न्यावं, म्हणजे ते बिटाच्या फिरण्याविरुद्ध जातं आणि ताब्यात राहतं. उलट नेलं की हातातून पळतं. एका दमात अर्धा इंच खोल जाऊ नये, थोडं थोडं करत तीनदा फिरवावं. घाई केली की सागवान करपतं, आणि तो काळा डाग पॉलिशखाली लपत नाही. काम झाल्यावर बिट पूर्ण थांबेपर्यंत मशीन खाली टेकवू नये. रोज संध्याकाळी मोटरच्या जाळीतला भुसा ब्रशने झाडावा. बिटावर साचलेला चीक थिनरच्या फडक्याने पुसावा, पटाशीने खरवडू नये. मोटरमध्ये जास्त ठिणग्या दिसायला लागल्या तर कार्बन ब्रश झिजले समजावं, आणि दोन्ही एकदम बदलावे. एकच बदलून काटकसर केल्याचा आनंद आठवडाभर टिकतो. चकात, म्हणजे बिट धरून ठेवणाऱ्या तोंडात, बिट नसताना नट आवळू नये.

आणि आता खरी गोष्ट. बिट चकात तळापर्यंत घालावा, मग सूतभर वर ओढून घ्यावा, आणि मगच नट आवळावा. तळाला टेकलेला बिट आवळताना घट्ट वाटतो, पण चकाने तो नीट धरलेला नसतो. मशीन तापलं की तो सरकतो. मशीन आणलं त्याच दिवशी गुलाम रसूलने हे मला सांगितलं होतं. "सूतभर, इंद्रभान. ध्यानात ठेव."

कलम ६. ते मी ध्यानात ठेवलं नाही.

करीच्या त्या शुक्रवारी त्याने सकाळी बिट बसवला आणि दुपारी तो नमाजला गेला. मला खाच उथळ पाहिजे होती. तो येईपर्यंत मी थांबलो नाही. मी स्वतः नट सोडला, बिट तळापर्यंत दाबला आणि आवळला. दहा मिनिटांत बोटाचं पेर जमिनीवर पडलं. दवाखान्यात कंपाउंडरने विचारलं, "बिट कोनं बसवला होता?" मी म्हणालो, "रसूलभाईनं." मला तेव्हा चक्कर येत होती, हे खरं. पण दुसऱ्या दिवशी येत नव्हती, आणि दुसऱ्या दिवशीही मी तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी मला सांगायचीही गरज राहिली नाही, गावच सांगत होतं.

चिखलीच्या एका मंगल कार्यालयाची बावीस दारं त्याला ठरली होती. ज्याच्या हातचा बिट सुटतो त्याच्याकडून दारं कशी करून घ्यायची, असं म्हणून त्यांनी ती दुसरीकडे दिली. त्याने मला कधी जाब विचारला नाही. सकाळी आपणच तो बिट बसवला होता, तेव्हा आपलाच हात चुकला असं त्याला वाटत असणार, असा मी हिशेब केला. त्याच्यासारख्या कारागिराला अकरा वर्षं स्वतःच्या हाताबद्दल शंका घेत जगू दिलं, याची मला लाज वाटते. बोटापेक्षा ते जास्त दुखतं. म्हणून हे कलम माझ्या मृत्यूनंतर उंद्रीच्या बाजारात मोठ्याने वाचून दाखवावं. जिवंतपणी सांगायची माझी छाती नाही, आणि आहे तीही आता उघडणार आहेत.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी लिहिलेली.

साक्षीला कारभारी गाडेकर आले. दुसरे साक्षीदार यायचे होते ते आले नाहीत. मी काही बोलायच्या आत सोजराबाई खिडकीशी गेली आणि तिने हाक मारली, "रसूलभाऊ, या बरं इकडं. ह्यायच्या कागदावर सही पाह्यजे." गुलाम रसूल अकरा वर्षांत पहिल्यांदा पत्र्याच्या या बाजूला आला. कारभारी मोठ्याने वाचू लागले. पाचवं संपलं तसं मी म्हणालो, "सहावं राहू द्या, लांबलचक आहे."

"सहावंच वाचा," सोजराबाई म्हणाली. तिने तो कागद कधी वाचला, मला माहीत नाही.

कारभारींनी वाचलं. वाचून होईपर्यंत मी माझ्या अर्ध्या बोटाकडे बघत बसलो.

"मले माहीत होतं," गुलाम रसूल म्हणाला. "मी पाने खिळ्याले टांगून नमाजले गेलो होतो. आलो तं ते तुह्या जागी भुश्यात पडले होते."

"मंग बोलला काऊन नाही बे?"

"तू बोलशीन म्हून वाट पाह्यली. बावीस दारं गेली माही, इंद्रभान. गौसियाले मी काय काय सांगून समजावलं, ते माह्या जिवाले माहीत."

मी दुसरंच विचारलं. "मंग वाटणीत ते दोन पानेच काऊन उचलले? मले छळाले?"

"तुह्या हाती पाने राह्यले असते तं तू आजूक तसाच बिट बसवला असता. एक बोट गेलंच होतं. नऊ राह्यले होते."

मी रडलो. तसा डॉक्टरांच्या दाखल्यात उल्लेख नाही, म्हणून इथे लिहितो.

सोजराबाई म्हणाली, "आता मेल्यावर कायले वाचून दाखवता? जिते हाय तवर सांगा." त्यानुसार कलम ६ मधले "माझ्या मृत्यूनंतर" हे शब्द रद्द समजावे. येत्या बाजारात, ऑपरेशनला जाण्याआधी, मी स्वतः उभा राहून हे सांगणार आहे. मंगल कार्यालयाच्या मालकाकडेही मीच जाईन.

कारभारींनी बजावलं की ज्याला वस्तू मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकील सांगतात. सही केली तर मशीनवर पाणी सोडावं लागेल. गुलाम रसूलने पेन मागून घेतलं आणि सही करून आपल्या हाताने खाली शेरा लिहिला. तो मी खोडलेला नाही.

लिहून ठेवणार: इंद्रभान पुंजाजी अंभोरे (सही)

साक्षीदार पहिले: कारभारी संपत गाडेकर, निवृत्त पोस्टमास्तर, उंद्री (सही)

साक्षीदार दुसरे: गुलाम रसूल शेख मदार, धंदा सुतारकाम, उंद्री (सही)
शेरा: मशीन घेत नाही. ज्याचे आहे त्याला दवाखान्यातून आल्यावर लागेल. पाने देत नाही. बिट बदलायचा झाल्यास यापुढे खिडकीतून पाठवू नये, स्वतः दारातून घेऊन यावे.

ठिकाण: उंद्री. दिनांक: १२ डिसेंबर २०२४.