वेणी घातलेल्या वायरी

४ सप्टेंबर

चि. ठिणगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. पैकी अर्धे सध्या रोखून ठेवले आहेत. कारण पुढीलप्रमाणे.

तुझ्या पाकिटावर माझ्या नावाआधी 'श्री.' नव्हतं. पोस्टमनने ते पाहिलं, शेजाऱ्यांनी पाहिलं, तुझ्या वहिनीने तर मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवलं. उभा जन्म संस्कृत शिकवण्यात घालवलेल्या माणसाची मिळकत ती काय, एक अक्षर. तेही सख्ख्या धाकट्या बहिणीने कापून घ्यावं, याचा निषेध नोंदवून मुद्द्यावर येतो.

तू टाकाऊ म्हणून माझ्या गळ्यात मारलेला संगणक ऐन कामात मान टाकतो. सीएनसी यंत्र मागच्या खोलीतल्या टेबलावर छान बसलंय. संगणकाने आज्ञा द्यायची आणि यंत्राने कटर फिरवत लाकडात अक्षर कोरायचं, एवढाच दोघांमधला करार. अ, आ, इ बिनबोभाट होतात. 'क'च्या पोटात शिरलं की पडद्यावर 'संपर्क तुटला' अशी सूचना झळकते. यंत्र जागच्या जागी थिजतं, कटर मात्र तिथेच गरगरत राहतो आणि लाकडाला भोक पाडून धूर काढतो. बाद झालेल्या फळ्या तुझ्या वहिनीने स्वयंपाकघरात नेल्या. आमच्याकडे हल्ली गरम भांडी मुळाक्षरांवर उतरतात.

घाई का आहे ते तू जाणतेसच. अक्षरांवर बोट ठेवून बोलता यावं म्हणून तू आणलेला छापील तक्ता आपल्या थोरल्या दादाने भिरकावून दिला. त्याचा उजवा हात गेलाय, डावा थरथरतो, गुळगुळीत कागदावर बोट घसरतं. अक्षरं खोल कोरली तर बोट त्यांत ठरेल, असं वाचा-उपचाराच्या बाईंनी सुचवलं. त्यांनी हेही बजावलंय की अर्धांगाच्या झटक्यात बोलणं गेलं तशी अक्षरंही गेलेली असू शकतात. पाटी समोर ठेवल्याशिवाय कळायचं नाही. आयुष्यभर बाजारात लिलाव पुकारलेला हा माणूस. त्याने कधी कुणाचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. आता घरात प्रत्येकाचं वाक्य पुरं होतं, आणि ते ऐकवत नाही.

उत्तर पत्रानेच दे. फोनवर मी वर्गात शिकवल्यासारखा बोलतो, भिंत पातळ आहे, आणि पलीकडे दादाचा पलंग. पाटी होईपर्यंत त्याला काही कळायला नको.

लोभ पूर्ण ठेवतोय, आशीर्वाद तेवढे अर्धे.
तुझा (श्री.) भाऊ


९ सप्टेंबर

ती. श्री. श्री. श्री. भाऊस,
शि. सा. न. वि. वि. जास्तीची दोन पुढच्या पाकिटांसाठी आगाऊ जमा धर.

माझा संगणक टाकाऊ नव्हता, निवृत्त होता. तुझ्यासारखाच. दुकानात येणारा प्रत्येक माणूस मला सांगतो की वस्तू आपोआप बिघडली. आपोआप बिघडलेली वस्तू मी अजून पाहिलेली नाही. वहिनीकडून फोटो मागवला, तर काय, संगणकाला फुलाफुलांचा अभ्रा! भुसा जाऊ नये म्हणून म्हणे. आईने रेडिओला, शिवणयंत्राला, टेबलफॅनलासुद्धा झबली शिवली होती, तो वारसा तू इमानाने चालवतोयस. पण अरे, त्याचा पंखा मागच्या बाजूला असतो, तिथून तो श्वास घेतो. नाकावर उशी दाबल्यावर कोण मान टाकणार नाही?

तर अभ्रा काढ. संगणक बंद करून, प्लग काढून झाकण उघड आणि आतला भुसा मऊ ब्रशने झाड. तोंडाने फुंकू नकोस, थुंकी उडते, तुझी जास्त. दुसरं म्हणजे, कळफलकाला बराच वेळ हात लागला नाही की संगणक डुलकी काढतो, तुझ्या वर्गातली मुलं काढायची तशी. ती सवय सेटिंगमध्ये जाऊन बंद कर. संगणक यंत्राला जोडणाऱ्या यूएसबीची वीज वाचवायची खूणही काढून टाक. म्हणजे झालं. मी सांगतेय म्हणजे झालंच.

दादाबद्दल नुसतं यंत्राच्या निमित्ताने लिहितोस. जरा सढळ लिही. मी हट्ट केला की तो मला लिलावात काढायचा, 'एक वार, दोन वार' करत. गिऱ्हाईक कधीच आलं नाही. ही आठवण त्याला सांग, मान हलवतो का बघ.

माया आहे ती अशीच राहू दे, अभ्र्याविना.
तुझी ठिणगी


१५ सप्टेंबर

चि. ठिणगीस,
आशीर्वाद अजून अर्धेच, कारण झालंच नाही.

अभ्रा काढला. (तुझी वहिनी तो उशीला घालणार आहे.) आतून एवढा भुसा निघाला की त्यात एखाद्या उंदराचा संसार थाटला असता. डुलकी बंद केली. परिणाम असा की पूर्वी 'क'वर तुटणारा संपर्क आता 'ज'वर तुटतो. प्रगती आहे, पण दादाला 'ज'च्या पुढेही बोलायचं असेल.

तस्मात् तपास मीच हाती घेतला. आमच्या शास्त्रात अन्वय-व्यतिरेक म्हणतात. कारण असताना बिघाड होतो का ते बघायचं, मग ते कारण काढून घ्यायचं आणि बिघाड थांबतो का ते बघायचं. तुम्ही लोक यालाच ट्रबलशूटिंग म्हणता आणि वर पैसे घेता. कटरची मोटर बंद ठेवून यंत्र नुसतं हवेत चालवलं. अ पासून ज्ञ पर्यंत सगळं हवेत कोरून झालं, एकदाही संपर्क तुटला नाही. मग मोटर सुरू केली, पण कटर लाकडाला टेकवला नाही, तरी तुटला. म्हणजे लाकूड निर्दोष. संगणकही बहुधा निर्दोष, हे लिहिताना जिवावर येतंय. गुन्हेगार मोटर आहे, पण ती गुन्हा करते कसा ते कळत नाही. वायरींना तर नाव ठेवायला जागा नाही. आधी नुसता गुंता होता. आता मोटरची जाड वायर, यूएसबीची बारीक आणि तिसरी दिव्याची, अशी तीनपेडी घट्ट वेणी घातलीय, टोकाला रबर. बघत राहावं अशी झालीय.

दादाला लिलावाची आठवण सांगितली. त्याने खिडकीबाहेर पाहिलं. ऐकलं असेल, नसेल. यंत्राचा आवाज आला की मान मात्र इकडे वळते. स्वयंपाकघरात आता जागा उरली नाही म्हणून तुझ्या वहिनीने एक बाद फळी त्याच्या टेबलावर कपाखाली दिलीय.

कृपा असावी, आणि उपायही असावा.
तुझा भाऊ


२० सप्टेंबर

ती. श्री. भाऊस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी दुकानात एकटीच हसत सुटले. समोरच्या गिऱ्हाइकाला वाटलं, त्याच्या लॅपटॉपची आशा संपली.

अरे पंडिता, ती वेणीच! मोटरची वायर म्हणजे बाजारात पुकारा करणारा दादा, आणि यूएसबीची वायर म्हणजे मागच्या बाकावर कुजबुजणारी मुलगी. दोघांना तू गळ्यात गळे घालून बांधलंस. मोटर सुरू झाली की तिच्या विजेचा गोंगाट शेजारच्या वायरीत शिरतो. मग यंत्राचं बोलणं संगणकाला ऐकू येत नाही आणि तो बिचारा संपर्क तुटल्याचं जाहीर करतो. वेणी सोड. मोटरची वायर टेबलाच्या एका बाजूने ने, यूएसबीची दुसऱ्या बाजूने, आणि ओलांडायचीच झाली तर काटकोनात. सोबत एक आखूड, आत जाळीचं आवरण असलेली यूएसबी वायर पाठवतेय. तिच्या टोकाचा काळा मणी म्हणजे दागिना नव्हे, तो गोंगाट गिळतो, उपटू नकोस. मोटरचं अर्थिंग मात्र वायरमनला बोलावून तपासून घे. तिथे शास्त्र पाजळू नकोस.

अभ्र्याचं मी एवढं ठणकावून सांगितलं, ते अर्धंच खरं निघालं. हे वाक्य चौकटीत लावू नकोस.

वेणी तू कुणाची बघून शिकलास ते मला माहीत आहे. आई पहाटेच कामाला जायची आणि दादा बाजारात जाण्याआधी माझी वेणी घालायचा, इतकी घट्ट की शाळेत दिवसभर माझ्या भुवया वर असायच्या. तू शेजारी उभा राहून पेड मोजायचास आणि चुका काढायचास. त्याला तेवढ्यात तुझं वाक्य तोडायला पुरेसा वेळ मिळायचा.

पाटी झाली की लगेच कळव.
तुझी ठिणगी


४ ऑक्टोबर

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

वायर मिळाली. वेणी सोडली. वायरमन येऊन गेला, अर्थिंग ठीक केलं. यंत्रात बरीच सुधारणा आहे, तरी पूर्ण भरवसा वाटत नाही. माऊस मधूनच अडखळतो. पडदा थोडा फिकट वाटतो. संगणकाचं घड्याळही मागे पडतं. एकदा सगळं मुळापासून तपासून घ्यावं, असं मनात आहे. हवाही दमट आहे, लाकूड फुगायचं. घाई करण्यात अर्थ नाही.

दादा बरा आहे. प्रकृतीस जपावे.
तुझा भाऊ


९ ऑक्टोबर

ती. भाऊस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रात एकही टोमणा नव्हता आणि पाकिटावर मी 'श्री.' पुन्हा गाळलं होतं त्याबद्दलही अवाक्षर नाही. मी घाबरून वहिनीला फोन केला. ती म्हणाली, यंत्र कधीचं गप्प आहे, कारण काम संपलंय. पाटी घासून, तेल पाजून तयार आहे. कपाटात तुझ्या जाड्या शब्दकोशामागे ठेवतोस, रोज बाहेर काढतोस, अक्षरांवरून बोट फिरवतोस आणि पुन्हा आत ठेवतोस.

घड्याळ मागे पडलं तर आतला बटणाएवढा सेल बदलतात. त्यासाठी दादाला ताटकळत ठेवत नाहीत. तुझंच शास्त्र तुला लावते. संगणक ठीक, मोटर ठीक, वायर ठीक. आता उरलं कोण?

एक वार, दोन वार. तिसऱ्याच्या आत बोल.
तुझी ठिणगी


१३ ऑक्टोबर

चि. ठिणगीस,
आशीर्वाद, रोखून ठेवलेल्या अर्ध्यांसकट.

निदान बरोबर आहे. वेणी सोडली त्याच दिवशी यंत्राने ज्ञ पर्यंत एका दमात कोरलं. मी शेजारी उभा होतो, काहीतरी बिघडेल म्हणून. काही बिघडलं नाही. तुझ्या निवृत्त संगणकाची मी क्षमा मागतो. त्याला कळवू नकोस.

पाटी तयार झाली तशी ती काखेत धरून दादाच्या खोलीकडे निघालो. दारातच थबकलो. त्याच्या टेबलावर ती बाद फळी आहे ना, तिच्यावर अ, आ, इ अगदी स्वच्छ उमटलेत, 'क' तेवढा जळालेला. त्याने चहा संपवून कप बाजूला सरकवला आणि फळीकडे बघत राहिला. मग डावं बोट हळूहळू 'आ'वर आलं. मी दाराची चौकट धरून उभा. खाचेत सांडलेला चहा त्याने बोटाने निपटून काढला, बोट सदऱ्याला पुसलं, आणि कप पुन्हा होता तिथे ठेवला.

कपाखाली दिलेल्या फळीवर माणूस कपच ठेवणार, असं तू म्हणशील. मीही स्वतःला तेच सांगतो. पण पाटी शब्दकोशामागे आहे तोवर उशीर माझ्यामुळे होतोय, यंत्रामुळे होतोय, दमट हवेमुळे होतोय. ती समोर ठेवली आणि त्याने तिच्यावरही कप ठेवला, तर काढून बघायला माझ्याकडे दुसरी वायर नाही.

रविवारी ये. माझ्याने होत नाही. पाटी तू ठेव, त्याचं बोट तू धर, मी मागे उभा राहून चुका काढीन. लोभ असेल नसेल तेवढा सगळा सोबत घेऊन ये.

रोज संध्याकाळी मी त्याच्यापाशी बसून काहीबाही बोलतो. मुद्दाम चुकीचं बोलतो, लांबण लावतो, थांबतो, त्याला जागा देतो. तो मला शेवटपर्यंत बोलू देतो. हे आता असंच राहील, याची मला भीती वाटते.

तुझा भाऊ