शॅम्पू हे क्रियापद

अण्णा, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली आणि आज मी सिंगापुरात तुमच्या धंद्यावर एक धडा शिकवून आलो. हसू नका. सेंगकांगला लेकाच्या इमारतीखाली मोकळी जागा आहे, तिथे रविवारी बांगलादेशातून आलेल्या कामगारांना मी इंग्रजी शिकवतो. माझं इंग्रजी डिक्शनरी चघळून आलेलं. नात म्हणते, "आजोबा, युअर इंग्लिश सो ओल्ड लाह!" पण ते कामगार मला 'सार' म्हणतात, म्हणजे सर. तुमचं दुकान कशाचं, ते मात्र इथे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

आज एका वेल्डरनं वही मिटली. "सार, नहीं होगा. इंग्लिश में हमारा कुछ नहीं." मी म्हटलं, आहे की, शॅम्पू! नात खालीच खेळत होती, ती म्हणाली, "दॅट्स अ बॉटल, आजोबा." बाटली नंतर आली गं, आधी ते क्रियापद होतं. आपल्याकडे मालिश करणाऱ्याला हिंदीत सांगत, 'चांपो', म्हणजे दाब, चेप. साहेबांनी ते उचललं आणि अंग चेपण्याला शॅम्पू म्हणू लागले. केस धुणं मागाहून चिकटलं. तुमच्या बंगालीत दाबायला काय म्हणता, विचारलं, तर वेल्डर उडालाच. "चाप! चाप दाओ! सार, ए तो आमादेर कोथा!" आमचाच शब्द, म्हणतो! शेजारचा पोरगा लगेच मान पुढे करून बसला, "दे मग, शॅम्पू कर."

वेल्डर नुसता चिमटे काढत होता. मला राहवेना, मीच त्या पोराच्या मानेला हात घातला आणि आपलं दुकान डोळ्यांपुढे आलं. तुम्ही खुर्चीमागे उभे आहात, मी गिऱ्हाइकाच्या खांद्याशी धडपडतोय, आणि तुम्ही खेकसताय, "बोटांनी नाही रे, तळव्यानं चेप. कणीक आहे का ती?" माझे तळवे आपोआप बसले. त्या पोराचे डोळे मिटले. वेल्डर म्हणाला, "सार, ये कहाँ सीखा?" सगळे थांबले, नातसुद्धा. मी म्हटलं, "माझे वडील न्हावी होते. पंचक्रोशीत तसा हात नव्हता." बोलताना माझी छाती फुगली होती, अण्णा, खोटं नाही सांगत. वेल्डरनं वही उघडली आणि 'चाप'समोर शॅम्पू लिहून घेतलं.

हे पाठवायला पत्ता नाही. पण एक सांगायचं राहिलंय. मॅट्रिकच्या फॉर्मवर वडिलांचा धंदा म्हणून मी 'व्यापार' लिहिलं होतं. तुम्ही हात पुसून खाली सावकाश सही केलीत. तुम्हाला सहीपलीकडे लिहितावाचता येत नव्हतं, याचं मला तेव्हा बरं वाटलं होतं.