ताईने ठरवून दिलेली बोट

११ मार्च
बोटीवरून

प्रिय ताई,

नमस्कार, आणि पत्रास कारण तूच. "फोटो पाठवू नकोस, फोटोत सगळे समुद्र सारखेच दिसतात. पत्र लिही," असं फोनवर बजावलं होतंस, म्हणून बसले आहे लिहायला.

आम्ही तिघंही सुखरूप आहोत. बोट तू चित्रात पाहिलीस तशीच आहे. दोन लांबट होड्या शेजारी ठेवून त्यांच्यावर ओटा बांधावा, तशी. त्यामुळे फारशी कलत नाही. ह्यांनी पहिल्याच दिवशी चहाचा कप कठड्यावर ठेवून पाहिला. सांडला नाही म्हणून त्यांना कोण आनंद! पुढच्या बाजूला दोन होड्यांच्या मध्ये जाळं ताणलंय. चिंगी दिवसभर त्यावर पालथी पडून खालचं पाणी बघत असते. बारा वर्षांची घोडी झाली, पण जेवायला तीन हाका माराव्या लागतात.

आमची खोली डाव्या होडीच्या पोटात आहे. चार पायऱ्या उतरायच्या आणि थेट पलंगावरच पोचायचं, कारण उभं राहायला जागा नाही. पडलं की कानाशी पाणी वाजतं.

माणसं दोनच. कप्तान आणि त्याची बायको. ती स्वयंपाक करते, शिडाचे दोर ओढते आणि नवऱ्याच्या वाटचं बोलतेही. तो इतका कमी बोलतो की हे म्हणाले, "याच्याशी गप्पा मारायच्या तर आधी अर्ज करावा लागेल." पण निघताना त्याने आम्हाला ओळीने बसवून एक गोष्ट चांगली दोनदा सांगितली. "वस्तू पाण्यात पडली की ती गेली. चष्मा असो, मोबाईल असो, सोन्याची अंगठी असो. कोणी मागे उडी मारायची नाही. ओरडून सांगायचं, मी बोट वळवेन." ह्यांनी लगेच विचारलं, "आणि बायको पडली तर?" सगळे हसले.

मजा येते का, असं विचारशील. येते. एक बेट येतं, मी "किती छान" म्हणते, हे "हो ना" म्हणतात, मग पुढचं बेट येतं. आज दुसरं झालं. हवा चांगली आहे. भूक लागते. झोप लागते.

तिकिटांच्या पाकिटात तू घातलेली चिठ्ठी मिळाली. "तीन वर्षं तू माझी आई झालीस. आता आठवडाभर कोणाचं काही करू नकोस." वाचली. बॅगेच्या तळाशी ठेवली आहे.

गुडघ्याला मलम लावतेस ना?

तुझी,
धाकटी

१४ मार्च
चौथ्या बेटापाशी

ताई,

आधीचं पत्र दुसऱ्या बेटावरच्या टपालात टाकलं. त्यात खोटं काही नव्हतं. फक्त लिहायचं होतं ते त्यात नव्हतं.

काल दुपारी चिंगीचा टॉवेल उडाला. वारा बरा होता, बोट शिडावर चालली होती. कठड्यावर वाळत घातलेला टॉवेल पाण्यात गेला. हे नुसत्या चड्डीवर बसले होते. "थांब, आणतो," म्हणाले आणि एक पाय कठड्याबाहेर टाकला.

मी ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही. हे सांगतात की शब्द असा नव्हताच. मी त्यांचा दंड धरला होता, आज तिथे माझ्या चार नखांच्या खुणा आहेत. कप्तानाने बोट वळवली, बाई आकड्याची काठी घेऊन वाकली आणि टॉवेल वर आला. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बाईने पिळून पुन्हा वाळत घातला, या खेपेला दोन चिमटे लावून.

हे हसायला बघत होते. "अगं, मला पोहता येतं की!"

तेवढ्यात चिंगी म्हणाली, "काकांनाही येत होतं."

मग अगदी हळू म्हणाली, "माझ्या गादीसाठी गेले होते ना ते. टॉवेल गेला तर जाऊ दे."

ताई, मी आता जसं घडलं तसं लिहिते.

त्या दिवशी तलावावर जेवणं झाल्यावर तू गाडीत झोपली होतीस. हे कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा आणायला गेले होते. भावोजी झाडाखाली संत्रं सोलत बसले होते. चिंगीची हवेची गादी काठापासून सुटली आणि ती रडायला लागली. मला त्या रडण्याचा कंटाळा आला होता. बाकी काही कारण नाही. मी म्हणाले, "भावोजी, जरा आणता का? दोन हातांवर तर आहे."

त्यांच्या छातीचं मला माहीत होतं. डॉक्टरांनी पोहायला बंदी केलेली माहीत होती, आणि त्यांनी तुला दिलेला शब्दही. तू शब्द घेतलास तेव्हा मी तिथेच बसले होते. पण दोन हातांवर होती गं.

ते म्हणाले, "तुझ्या ताईला सांगू नकोस हं." घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. संत्र्याच्या चार फोडी चिंगीला दिल्या आणि पाण्यात गेले. वाऱ्याने गादी पुढे जात राहिली. ते तिच्या मागे जात राहिले. मी चिंगीच्या तोंडाला लागलेला रस पुसत होते. मान वर केली तेव्हा गादी एकटीच होती.

तू उठून आलीस आणि विचारलंस, "हे पाण्यात कशाला गेले?" मी म्हणाले, "माहीत नाही. मी हिला कपडे घालत होते."

एवढंच. दोन वाक्यं. त्यानंतर तू कधी विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. तुझ्याकडे राहिले, औषधं दिली, दवाखान्यात नेलं, तुझे केस विंचरले. तू म्हणायचीस, "एका डुबकीसाठी मला सोडून गेला. मला दिलेला शब्द मोडून गेला." आठवड्याच्या आत त्यांचे कपडे वाटून टाकलेस. त्यांचा फोटो लावू दिला नाहीस. त्यांच्या बहिणीला दारातून परत पाठवलंस. मी शेजारी उभी राहून तुला पाणी देत होते.

काल चिंगीला विचारलं, "तू कोणाला का बोलली नाहीस?" म्हणाली, "तू माहीत नाही म्हणालीस ना मावशीला. मला वाटलं, मला वाचवायला म्हणालीस."

म्हणजे तीन वर्षं हे पोर समजत होतं की काका तिच्यामुळे गेले, आणि आई तिच्यासाठी खोटं बोलते आहे. मी तिला सांगितलं, "गादी तुझी होती, पण पाठवलं मी. खोटं बोलले तेही स्वतःसाठी." तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग आत जाऊन झोपली. आज बोलते आहे, पण जेवढ्यास तेवढं.

ह्यांनाही तेव्हाच कळलं. सकाळी म्हणाले, "आता सांगून काय होणार? ती कशीबशी सावरली आहे." मी म्हणाले, "ती त्यांच्यावर चिडून सावरली आहे." ते दंडावर मलम लावत बसले.

मला रडू येत नाही. येईल असं वाटलं होतं. हे सगळं लिहिताना हात कापेल असंही वाटलं होतं. अक्षर बघ, नेहमीसारखंच आहे. तुझ्यासमोर असते तर कदाचित कापला असता, म्हणून आधी लिहून पाठवते. फोनवर तू "असू दे गं" म्हणाली असतीस, आणि मी ते घेऊन टाकलं असतं.

क्षमा मागत नाही. भावोजी त्या दिवशी पोहायच्या हौसेने गेले नाहीत. एका रडणाऱ्या मुलीसाठी गेले, मी सांगितलं म्हणून गेले. एवढं तुझ्यापाशी असायला हवं होतं, ते मी तीन वर्षं ठेवून घेतलं. त्यांचं घड्याळ दगडावर सापडलं असं सांगून तुला दिलं होतं, तेही खरं नव्हतं.

आम्ही रविवारी धक्क्याला लागतो. हे चिंगीला घेऊन घरी जातील. मी तुझ्याकडे येईन, चारच्या सुमारास. माझ्याकडे तुझ्या घराची किल्ली आहे, पण बेल वाजवीन.

टपालाची लाँच आत्ता आली आहे. कप्तान हात पुढे करून उभा आहे. घाई करत नाही, पण हातही खाली घेत नाही.

माझ्याशी कसंही वाग. चिंगी त्या दिवशी नऊ वर्षांची होती, तेवढं विसरू नकोस.

भावोजींना पाण्यात पाठवणारी,
तुझी बहीण