उरलेले बावीस तास

रविवार, १२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद.

मी बरी आहे. तुम्ही तिघंही बरे असाल. लॅबमध्ये दातांच्या कवळ्यांचं काम इतकं वाढलंय की मालक म्हणतात, सगळं गाव एकदमच बोळकं झालंय. हसलास का? नसशील.

अकरा महिने झाले तुझा आवाज ऐकून. "ताई, आधी व्यसनमुक्ती केंद्रात भरती हो, मग बोलू," हे तुझं शेवटचं बोलणं. मी भरती झाले नाही. तुला वाटलं असणार, हिने पुन्हा पळवाट काढली. थोडी काढलीही. तीन महिने रजा घ्यायची तर लॅबमध्ये कारण सांगावं लागलं असतं. पण केंद्रातल्या डॉक्टरांनीच तपासून सांगितलं, तुमचं येऊन-जाऊन जमेल. आमच्या गटातल्या बसचालक काकांना मात्र आधी दाखल व्हावं लागलं होतं. ज्याचं त्याचं वेगळं असतं.

सोमवार, बुधवार, शुक्रवार. कामावरून सुटले की सहा ते आठ. तपासणी, गोळ्या, मग गोल बसून बोलणं. समुपदेशक बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "इथले दोन तास आमचे, उरलेले बावीस तुमचे. दारू तिथे सुटायला हवी."

ते बावीसच जड जातात रे. दारूचं दुकान माझ्या नेहमीच्या वाटेवरच होतं. घरी कुलूप उघडल्याचा आवाज होतो, त्यानंतर आवाजच नाही. एक ताट, एक वाटी. वेळ जावा म्हणून तेच ताट दोनदा घासते. पण घर तेच, गाव तेच, आणि तिथेच न पिता राहायला शिकतेय.

चौथ्या महिन्यात एकदा घेतली. हे तुला लिहिणार नव्हते. दुसऱ्या दिवशी बुधवार होता. तोंड लपवत का होईना, गेले. बाई रागावल्या नाहीत. "कुठून पाय वळला?" एवढंच विचारलं आणि माझ्याकडून घरी जायचा दुसरा रस्ता कागदावर काढून घेतला. आत राहून तीन महिन्यांनी बाहेर पडले असते, तर तो घोट गिळून मी गप्प बसले असते. मला ओळखतोस तू. आता सहा महिने थेंब नाही. मेणात दात पहिल्याच खेपेला सरळ बसतो.

महिन्यातून एकदा घरच्यांची बैठक असते. काकांची मुलगी येते, डबा घेऊन. मला विचारतात, तुमचं कोण? मी सांगते, भाऊ आहे, पण लांब असतो. तू वीस मिनिटांवर राहतोस.

इथेच पत्र संपवणार होते. पण खोटं बोलण्याचा विषय निघालाच आहे.

तू बोलणं तोडलंस त्याच्या काही दिवस आधी, त्या दुपारी चिमीला शाळेतून आणताना माझी स्कूटर पडली आणि तिचे पुढचे दोन दात गेले. दवाखान्यात तू विचारलंस, "ताई, प्यायली होतीस?" मी म्हणाले, "कुत्रं आडवं आलं." तू चिमीकडे पाहिलंस. तोंडावरचा रुमाल बाजूला करून ती म्हणाली, "हो बाबा. काळं कुत्रं होतं."

कुत्रं नव्हतं, धाकट्या. रस्ता मोकळा होता. मी प्यायले होते.

तिला मी काही शिकवलं नव्हतं. काळा रंग तिने आपल्या मनाने घातला, आत्याला वाचवायला. नऊ वर्षांची पोर! वास तुला आला होता, पण लेकीला खोटं कसं पाडणार? तेव्हापासून ते खोटं ती एकटी सांभाळत बसली असेल. दातांपेक्षा मला ते जास्त बोचतं.

तिला सांग, आत्याने सगळं खरं लिहिलंय, आता तुला काही लपवायचं नाही. तिच्यावर चिडू नकोस. चिडायला मी आहे.

बैठकीला ये म्हणत नाही. उत्तर दिलंच पाहिजेस असंही नाही. उद्या सोमवार आहे, मी जाईनच.

पूर्ण शुद्धीत, दोनदा वाचून पाकिटात घातलं आहे.

तुझी,
ताई