कलमाखालचे फुटवे

अप्पा,

मोबाइल चार्जिंगला लावून तुम्ही औषधं आणायला गेलात, म्हणून ही चिठ्ठी दाराला लावतेय. हॉस्पिटलमधून ताईचा फोन आला. डॉक्टर म्हणालेत, आईला भेटायला सगळ्यांनी आत्ताच यावं.

आईने तिच्या गुलाबाचं फूल मागितलं होतं, म्हणून कात्री घेऊन मागे गेले. तुम्ही कौतुकाने दाखवता ते उंच, तरारलेले फुटवे कलमाच्या गाठीखालून आलेत. ज्यावर कलम बांधलं होतं त्या रानगुलाबाचे ते आहेत, त्यांना तिचं फूल कधीच येणार नाही. तिचं कलम त्यांच्या सावलीत वाळलंय. एकच फांदी हिरवी होती, तिच्यावर एक कळी. नीट उमललेली नाही, तरी काढली. हाताला वास लागलाय.

तुमची चूक नाही. ते फुटवे खुडायचं काम आईचं. तिने कुणाला कधी झाडाला हात लावू दिला नाही. परवा हसत म्हणाली, "माझ्यामागे त्या झाडाला जावयासारखं खाऊपिऊ घालत असतील हे." पण काल तुम्ही 'झाड छातीएवढं झालंय' म्हणालात, तेव्हा तिला कळलं असणार, तिचं कलम एवढं उंच होत नाही. आज पुन्हा तो विषय काढू नका.

आल्या पावली निघा. बसची वाट बघू नका, रिक्षा करा. कळी ओल्या रुमालात गुंडाळून मी सोबत नेतेय. तिच्या हातात तुम्हीच द्यायची आहे. तुम्हाला पोचायला उशीर होतोय असं दिसलं, तर मी देईन आणि तुम्ही पाठवलीय म्हणून सांगेन.

धाकटी