मोसंब्याएवढी प्रोस्टेट आणि माझी करंगळी

ती. दादांस,

धाकट्याचा नमस्कार. तुमचे गुडघे आणि वहिनींचा रक्तदाब दोन्ही ताब्यात असतील असं धरून चालतो. इकडे सगळं उत्तम (एक ग्रंथी सोडून).

तुम्हाला म्हणून सांगतो. गेली तीन वर्षं मी रात्री पाच-पाचदा उठतो ते पाणी फार पितो म्हणून, असं हिला पटवत होतो. परवा मात्र धार अशी अडली की लाज गुंडाळून ठेवली आणि मूत्रविकारांच्या डॉक्टरांकडे गेलो. बघतो तर खुर्चीत माझाच विद्यार्थी, आठवीतला चुळबुळ्या! (नाव मीच ठेवलेलं. गणिताच्या तासाला रोज करंगळी वर करायचा आणि मी रोज "तास संपल्यावर" म्हणायचो.) आधी पाया पडला, मग तपासलं. कसं, ते विचारू नका. गुरुशिष्यांत इतकी जवळीक बरी नव्हे.

म्हणाला, "सर, अक्रोडाएवढी हवी ती मोसंब्याएवढी झालीय. गोळ्यांनी भागणार नाही." मग कागदावर चित्र काढून शिकवायलाच बसला. लघवीच्या वाटेनंच दुर्बीण घालून आतून खरवडायचं, हा एक प्रकार. दुसरा लेझरचा. नेमकी इथेच मला जोराची लागली (सोनोग्राफीसाठी तांब्याभर पाणी पाजलं होतं) आणि नकळत माझी करंगळी वर गेली. त्यानं पेन खाली ठेवलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "सर, तास संपल्यावर."

दादा, मी करंगळी निमूट खाली घेतली. मग मात्र तो पोट धरून हसला आणि स्वतः दारापर्यंत सोडायला आला. आत दहा मिनिटं उभा राहिलो, चार थेंब. परत येईतो वाफेनं ग्रंथी आकसवायचा प्रकार रिकाम्या खुर्चीला शिकवून झाला होता आणि गाडी पोट उघडून करायच्या शस्त्रक्रियेशी आली होती. "सांगा बरं, वाफेचा फायदा काय?" मला येईना. माझ्या वर्गात उत्तर न येणाऱ्यानं उभं राहायचं असे, म्हणून आपणहून उभा राहिलो. शेवटी लेझर त्यानंच ठरवला. सोमवारी सकाळी.

आपला,
धाकटा

ता. क. : आठ दिवस तुमच्याकडे येतोय असं हिला सांगितलंय. तिचा फोन आला तर मी आंघोळीला गेलोय म्हणा. खरं कळलं तर "मी तीन वर्षं काय सांगत होते?" ऐकावं लागेल आणि त्यावर अजून शस्त्रक्रिया निघालेली नाही.

ता. क. २ : खरं म्हणजे दादा, तुम्हीच या. भीती वाटते.

ता. क. ३ : दादा, नमस्कार. पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडेच दिलं. सोमवारी याच, मीही तिथेच असेन. फक्त यांना आधी काही बोलू नका. भुलीतून उठल्यावर पहिलं वाक्य मला बोलायचंय.